'आम्ही' की 'आपण'? दुभाषी व्हायला निघालेल्या एका अकाउंटंटला

पत्र :

ताई, नमस्कार. मी मूळची कराडची, सध्या चिंचवडला राहते. वय २७, बी.कॉम. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत पाच वर्षं अकाउंट्समध्ये आहे. शनिवार-रविवारचे क्लास करून जपानी शिकले आणि गेल्या डिसेंबरची जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा एन-२ पातळीला पास झाले. एप्रिलच्या सुरुवातीला जपानहून दोन साहेब प्लांटवर आले होते. ठरलेली दुभाषी ऐनवेळी आजारी पडली म्हणून मला उभं केलं. साहेब तीन मिनिटं सलग बोलले आणि मला फक्त शेवटचं वाक्य आठवलं. मी म्हटलं, "क्वालिटी चांगली पाहिजे म्हणतायत." सगळे हसले. घरी येऊन खूप रडले, पण तरीही मला हेच काम करायचं आहे. नोकरी सोडू का? आधी एन-१, म्हणजे सगळ्यात वरची पातळी, करू का? माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, इंग्रजी बेताचं आहे, ते आडवं येईल का? भाऊ म्हणतो, मोबाइलमधलं ॲप हे सगळं करतं. आई-बाबा विचारतात, हा काय धंदा आहे का? सप्टेंबरमध्ये तेच साहेब परत येणार आहेत.
– एक वाचक, चिंचवड

उत्तर :

प्रिय मैत्रिणी,

तीन मिनिटांचं बोलणं कागदाशिवाय ऐकायचं आणि जसंच्या तसं दुसऱ्या भाषेत सांगायचं, हे मला बावीस वर्षं दुभाषीचं काम करूनही जमणार नाही. त्या दिवशी तुझ्या हातात वही होती का? पत्रात तिचा कुठेच उल्लेख नाही, म्हणून विचारते. जे हसले त्यांना हे काम कसं चालतं ते ठाऊक नव्हतं, आणि तुलाही ते कुणी शिकवलेलं नव्हतं. त्या तीन मिनिटांवरून तुझ्या जपानीबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

आधी एन-२ आणि एन-१ बद्दल. जेएलपीटीत बोलण्याची परीक्षा नसते, लिहिण्याचीही नसते. सगळे प्रश्न पर्याय निवडण्याचे. एन-२ ला १८० पैकी ९० गुण मिळाले की पास, आणि ऐकण्याच्या विभागात ६० पैकी १९ मिळाले तरी चालतं. एन-१ ला एकूण १०० लागतात, पण ऐकण्याची अट तीच १९ ची. याचा अर्थ, आयुष्यात एकही जपानी वाक्य मोठ्याने न बोललेला माणूसही एन-१ पास होऊ शकतो. मी परीक्षेला कमी लेखत नाही. पुण्याकडच्या कंपन्या दुभाष्याची जागा भरताना बहुधा एन-२ किंवा एन-१ मागतात, तेव्हा एन-१ तुला कधीतरी द्यावीच लागेल. पण वाचनाचे आणि कांजीचे (जपानी चित्राक्षरांचे) तास वाढवून एप्रिलची अडचण सुटणार नाही. ती कानाची, हाताची आणि मराठीची अडचण होती. यंदाचं वर्ष त्या तिघांना दे. एन-१ पुढच्या डिसेंबरला दे.

मराठीची? हो. माझं या पत्रात मुख्य सांगणं तेच आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळते.

चाकण, रांजणगाव, तळेगाव या पट्ट्यात दुभाषी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जपानी-इंग्रजी येतं. मीटिंगच्या खोलीत ते खरंही आहे. पण साहेब बूट-हेल्मेट घालून लाइनवर उतरला की समोर उभा असतो मराठी बोलणारा सुपरवायझर, नाहीतर भोसरीतला छोटा पुरवठादार. तिथे इंग्रजीचा वळसा घेतला की अर्थ दोनदा गळतो. इंग्रजी तुला ईमेल, ड्रॉइंग आणि स्लाइड वाचून कळतील एवढं हवंच, रोज अर्धा तास देऊन ते होईल. मराठी माध्यमाची तू लाज बाळगतेयस असं पत्रातून वाटलं. या कामात ती तुझी भक्कम बाजू आहे.

जपानी आणि मराठी दोन्हींत क्रियापद शेवटी येतं. 'नाही'सुद्धा शेवटी. जपानीतून इंग्रजीत सांगणाऱ्याला सबंध वाक्य संपेपर्यंत थांबावं लागतं, कारण होकार आहे की नकार हेच शेवटच्या अक्षरांत कळतं. नाझी युद्धगुन्हेगारांवरच्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात १९४५ पासून चार भाषांमध्ये कानात लगोलग भाषांतर चाललं. पुढे जपानी युद्धगुन्हेगारांवरच्या टोकियोच्या खटल्यात, जिथे आपले राधाबिनोद पाल न्यायाधीश होते, जपानीच्या बाबतीत बरंचसं काम बोलणाऱ्याला थांबवून थांबवूनच करावं लागलं. मराठीत तू त्याच क्रमाने वाक्य बांधत जाऊ शकतेस. जपानी माणूस ऐकताना मध्ये मध्ये "हाय, हाय" म्हणतो त्याचा आपली इंग्रजी शिकलेली मंडळी 'येस' असा अर्थ घेतात आणि फसतात. तो आपला हुंकार आहे. आजी गोष्ट सांगताना आपण 'हं, हं' करायचो, तेवढाच. आणि "केन्तो शिमासु" म्हणजे शब्दशः 'विचार करू', पण पुष्कळदा त्यात सौम्य नकार असतो. इंग्रजीत हे पोचवायला धाप लागते. मराठीत नुसतं "बघू" म्हटलं की साताऱ्याच्या पुरवठादाराला बरोबर कळतं.

आता जिथे मराठी जास्त मागते ती जागा. माझ्या तिसऱ्या की चौथ्या वर्षातली गोष्ट. एका कारखान्यात सदोष मालावरून बैठक होती. जपानी साहेब म्हणाले, पुढचा महिनाभर शंभर टक्के तपासणी 'वाताशिताची' (जपानीतलं 'मी'चं अनेकवचन) करू. या शब्दात समोरचा माणूस धरलाय की वगळलाय, ते जपानीत कळेलच असं नाही. मराठीत मात्र तोंड उघडण्याआधी ठरवावं लागतं, 'आम्ही' की 'आपण'. मी "आपण करू" म्हणाले. ऐकायला बरं वाटलं, खोलीतला ताणही सैल झाला. दुसऱ्या दिवसापासून पुरवठादाराने स्वतःची दोन माणसं तपासणीला पाठवली आणि महिन्याच्या शेवटी त्यांच्या पगाराचं बिल लावलं. साहेबांच्या मनात 'आम्ही' होतं. दोन्ही बाजू एकमेकांना खोटं ठरवू लागल्या तेव्हा मी उभी राहिले आणि सांगितलं की चूक माझ्या शब्दाची आहे. बिल मिटलं. मला ती चूक महिनाभर झोपू देत नव्हती, आणि तेव्हापासून अशा जागी मी थांबते आणि विचारते.

विचारायची एक रीत आहे. दुभाषी बोलणाऱ्याच्या तोंडाने बोलते, म्हणून 'मी' हा शब्द बोलणाऱ्याचा असतो. "ते म्हणतायत की क्वालिटी..." असं तू सांगितलंस, तिथेच पहिली गडबड झाली. साहेब "मला काळजी वाटते" म्हणाले तर तूही "मला काळजी वाटते" म्हणायचं. मग स्वतःला काही विचारायचं असेल तर? तेव्हा स्वतःला तृतीयपुरुषात घ्यायचं, "दुभाषी एक गोष्ट विचारून घेते." दोन्ही बाजूंना दोन्ही भाषांत सांगायचं की तू काय विचारलंस. कुणालाही असं वाटता कामा नये की दुभाषी दुसऱ्या बाजूशी काहीतरी खाजगी बोलली.

इथे तुझ्या मनात प्रश्न येईल, पुरुषाचं बोलणं मी सांगताना 'मी आलो' म्हणू की 'मी आले'? जपानीत क्रियापदाला लिंग नाही, मराठीत आहे. काही जणी यातून सुटायला 'आम्ही आलो' म्हणतात, पण मग वरचा घोटाळा पुन्हा उभा राहतो. मी बोलणाऱ्याचं लिंग घेते. "मी कालच आलो," असं बाईच्या तोंडून ऐकून लोक पहिल्या दोन वाक्यांना चमकतात, मग विसरतात. आणि बैठकीतलं बरंचसं बोलणं 'मी पाहिलं', 'मी तपासलं', 'मी पाठवलं' अशाच घाटाचं असतं, तिथे हा प्रश्न येतच नाही. ही शिस्त कुठल्या जपानी क्लासात शिकवत नाहीत.

आता वही. बोलणाऱ्याचे शब्द उतरवायचे नसतात. शब्दांच्या मागे लागलीस की कान बंद होतो. लिहायचं ते तीनच गोष्टींसाठी : नावं, आकडे आणि जोड. जोड म्हणजे 'पण', 'म्हणून', 'जर', 'तरीही'. मी 'पण'साठी गोलातला 'प' काढते, 'म्हणून'साठी बाण, नकारासाठी शब्दावर काट. कोणी केलं, काय केलं, कुणाला केलं, हे एकाखाली एक तिरकं उतरत जातं. एक मुद्दा संपला की आडवी रेघ. पान एकाच बाजूने वापरायचं. तुझी चिन्हं तुलाच ठरवायची आहेत, दुसरीची उसनी घेतलीस तर ऐनवेळी आठवणार नाहीत.

आकडे लक्षात ठेवायचा प्रयत्नसुद्धा करू नकोस, ऐकले की लिही. जपानी माणूस दहा हजारांच्या हिशेबाने मोजतो. 'मान' म्हणजे दहा हजार, 'ओकु' म्हणजे दहा कोटी. आपला लाख म्हणजे 'जूमान', आपली कोटी म्हणजे 'इस्सेनमान'. "सान ओकु नि-सेन मान" ऐकलंस की बत्तीस कोटी. त्यातच पॉवरपॉइंटवर मिलियन लिहिलेले असतात, एक मिलियन म्हणजे शंभर मान, म्हणजे दहा लाख. हे डोक्यात करत बसायचं नाही, बोटांवर यायला हवं. तू अकाउंटंट आहेस, दोन महिन्यांत येईल. माझ्यासारख्या साहित्य शिकलेल्या मुलीला दोन वर्षं लागली होती.

रोजचा रियाज असा ठेव. एनएचके या जपानी प्रसारण संस्थेची एक बातमी लाव, एक मिनिटाची. ऐक, टिपणं घे, बंद कर, आणि मराठीत मोठ्याने सांग. फोनवर रेकॉर्ड कर. दुसऱ्या दिवशी स्वतःचं ऐक. किती ठिकाणी 'म्हणजे', 'अॅक्च्युअली', 'ते काय ना' आलं ते मोज. महिनाभराने दोन मिनिटं, मग तीन. आठवड्यातून तीन दिवस उलटं, आकाशवाणीच्या पुणे केंद्राची मराठी बातमी ऐकून जपानीत. हे अवघड जातं आणि तुला कंटाळा येईल, पण हेच टाळून पुष्कळ मुली 'मला समजतं, पण बोलता येत नाही' या पायरीवर वर्षानुवर्षं बसून राहतात. शक्य असेल तर एक जोडीदारीण शोध. रानडे इन्स्टिट्यूट किंवा टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी शिकलेल्या मुली पुण्यात पुष्कळ आहेत. एकीने बोलायचं, दुसरीने सांगायचं, मग बदलायचं.

नोकरीबद्दल माझं मत स्पष्ट आहे, सोडू नकोस. निदान आत्ता नाही. त्यामागे नुसती पगाराची काळजी नाही. पुण्यात जपानी येणारे बरेच आहेत. जपानी येणारे आणि कारखान्याचं तंत्र कळणारे त्याहून कमी. पण ताळेबंद, तेरीज (ट्रायल बॅलन्स), येणी-देणी आणि घसारा कळणारे जपानी दुभाषी मला माझ्या सबंध कामात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले. जपानी कंपन्यांचं हिशेबाचं वर्ष बहुधा आपल्यासारखंच एप्रिल ते मार्च असतं. त्यामुळे वर्ष बंद करण्याची दोन्हीकडची धांदल एकदमच येते, आणि मुख्यालयाचा माणूस इथल्या अकाउंट्सवाल्याशी बोलायला बसतो तेव्हा मध्ये असा दुभाषी असतो ज्याला 'गेन्का शोक्याकु' हा शब्द येतो पण घसारा कसा काढतात ते माहीत नसतं. मी स्वतः त्या खुर्चीत बसले आहे. शब्द बरोबर सांगितले होते, तरी समोरच्या सीएने दोनदा विचारलं, "मॅडम, ते नक्की कशाबद्दल बोलतायत?" मला उत्तर देता आलं नाही. तू देऊ शकशील.

म्हणून शब्दसंग्रह तुझ्याच टेबलापासून सुरू कर. 'केस्सान' म्हणजे वर्षअखेरचा हिशेब, 'कान्सा' म्हणजे ऑडिट. एका रकान्यात जपानी, दुसऱ्यात तुमच्या ऑफिसात खरोखर बोलतात तो शब्द, मग तो मराठी असो की इंग्रजी. तसंच खाली लाइनवर जाऊन कर. जपानी 'बारी' म्हणजे आपला बर (धातू कापल्यावर कडेला राहते ती खर), 'किझु' म्हणजे ओरखडा, 'कानागाता' म्हणजे डाय, 'झुमेन' म्हणजे ड्रॉइंग, 'दान्दोरी' म्हणजे सेटिंग. मराठीसाठी शब्दकोशातले जड शब्द घेऊ नकोस. 'साचा बदलण्याची पूर्वतयारी' म्हणालीस तर ऑपरेटर तुझ्याकडे बघत राहील. मशीन चालू असताना तो काय म्हणतो ते कान देऊन ऐक, तोच शब्द लिही.

भावाचं ॲप. तो अगदी चुकीचं बोलत नाही, आणि मी तुला खोटा धीर देणार नाही. हॉटेल बुक करणं, साधे ईमेल, पाहुण्यांना गाव दाखवणं, माहितीपत्रकाचं पहिलं भाषांतर, ही कामं माझ्या डोळ्यांदेखत कमी झाली. नव्या मुली पूर्वी याच कामांवर हात बसवायच्या, त्यामुळे तुझ्या पिढीला सुरुवात जास्त कठीण आहे. पण कंपनी ज्या कामाला आजही माणूस बोलावते, तिथे दोन बाजूंपैकी एकीचे पैसे, माल किंवा अब्रू पणाला लागलेली असते. तिथे कुणीतरी थांबून 'आम्ही की आपण?' विचारायला हवं असतं, आणि चुकलं तर 'मी चुकले' म्हणायलाही. न्यायालयात तर दुभाष्याला साक्षीदारासारखी शपथ घ्यावी लागते, १९६९ च्या शपथ कायद्यात तशी तरतूदच आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसारख्या जपानी मदतीच्या कामावर सुरक्षेची सूचना देताना मी कुठल्याही ॲपवर विसंबणार नाही. तू ॲप वापर, बैठकीआधी शब्द काढायला ते उत्तम आहे. मात्र कंपनीची गुप्त कागदपत्रं त्यात टाकू नकोस, त्याने नोकरीही जाईल आणि नावही.

आई-बाबांना सांग, हा धंदा आपल्याकडे नवा नाही. १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन आला, त्या बोलणीत इंग्रजांचा दुभाषी नारायण शेणवी होता. गोव्यात पोर्तुगिजांनी सरकारी दुभाष्याचं पदच ठेवलं होतं, 'लिंग्वा दो एस्तादो' म्हणायचे त्याला. आज लोकसभेत खासदार मराठीत बोलले तर ते इतरांना कानात ऐकवणारी माणसं पगारी असतात. आई-बाबांची खरी चिंता महिन्याच्या महिन्याला पैसे येतील का ही असणार, आणि ती रास्त आहे. स्वतंत्र दुभाष्याला काम सलग मिळत नाही. एप्रिलच्या शेवटी जपानची मोठी सुट्टी लागते ती मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, ऑगस्टच्या मध्याला ओबोन हा पूर्वजांच्या स्मरणाचा सण, मग वर्षअखेर. या दिवसांत जपानी पाहुणे येत नाहीत आणि फोन वाजत नाही. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडल्याशिवाय राजीनामा लिहू नकोस.

मधला रस्ता असा आहे. तुझ्या ऑफिसातल्या साहेबांना लेखी विनंती कर की अकाउंट्सचं काम सांभाळून जपानी पाहुण्यांच्या वेळी तुला दुभाषीसोबत बसू द्यावं. आधी नुसतं ऐकायला. कंपनीच्या ठरलेल्या दुभाषीबाई बऱ्या झाल्या असतील तर त्यांना भेट, मदत माग, त्यांच्या शेजारी बसून तुझी टिपणं घे आणि नंतर त्यांना दाखव. बहुतेक जणी शिकवतात. वर्षभराने स्वतंत्र कामं घ्यायची वेळ आली तर पैसे बोलताना लाजू नकोस. अर्धा दिवस किंवा पूर्ण दिवस असा दर ठरतो. आठ तासांपुढे काय, प्रवासाचे तास धरणार का, आदल्या दिवशी रद्द केलं तर काय, हे आधीच ईमेलवर घे. टीडीएस कापला जाईल, त्याचा हिशेब तुला मी काय सांगणार. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही. आणि दिवसभर कानात कुजबुजत लगोलग सांगायचं काम एकटीने कधीही घेऊ नकोस. त्याला दोघं लागतात, वीस-तीस मिनिटांनी आलटून पालटून. एकटीला बसवून पैसे वाचवणाऱ्या कंपनीला दुपारनंतर निम्माच अर्थ मिळतो, हे मी तुझ्याएवढी असताना भोगलंय.

सप्टेंबरची मात्र तयारी आत्तापासून कर. पाहुणे यायच्या निदान तीन दिवस आधी बैठकीचे विषय, मागच्या भेटीचा अहवाल आणि स्लाइड मागून घे. दिल्या नाहीत तर पुन्हा माग. येणाऱ्यांची नावं आणि हुद्दे पाठ कर, आडनावाचा उच्चार चुकला तर पुढचं सगळं अवघड होतं. बसायची जागा तू निवड, बोलणाऱ्याचं तोंड दिसेल आणि मशीनकडे पाठ असेल अशी. सुरुवातीलाच नम्रपणे सांग, "दोन-तीन वाक्यांनंतर थांबलात तर दुभाषीला नीट सांगता येईल." जपानीतलं हे वाक्य आदरार्थी रूपात आजच बसव आणि शंभर वेळा म्हण. साहेब विसरून बोलतच राहिले तर हात किंचित वर कर, ते थांबतील. एखादा शब्द कळला नाही तर तिथल्या तिथे विचार, अंदाजाने पुढे जाऊ नकोस. आणि वही वरून उलटणारी घे, कडेने उघडणारी नको. लाइनवर उभ्याने लिहावं लागतं.

– ताई